दावा छोटा, हिशोब मोठा

वातानुकूलन यंत्रणा नीट गार करेनाशी झाली की देखभालीचा माणूस येतो, वायू भरतो आणि बिलावर ‘गॅस टॉप-अप, १० किलो’ असं लिहून जातो. लेखा विभागात ते बिल ‘दुरुस्ती व देखभाल’ या खात्यावर पडतं आणि विषय मिटतो. पण तो वायू आर-४१०ए असेल, तर पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट असते. यंत्रात १० किलो भरावा लागला, याचा अर्थ आधी १० किलो हवेत गेला. म्हणजे जवळपास २० टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. तेवढा धूर करायला साडेसात हजार लिटरच्या आसपास डिझेल जाळावं लागेल. डिझेलच्या एवढ्या खर्चावर कुणीतरी नक्की प्रश्न विचारला असता; वायूच्या बिलावर कुणीच विचारत नाही. कंपनीच्या शाश्वतता अहवालात या गळतीचा उल्लेख नसतो, कारण अहवाल लिहिणाऱ्यांच्या टेबलापर्यंत ते बिल पोहोचलेलंच नसतं.

उद्योगांनी शाश्वततेबद्दल विश्वासार्हपणे कसं बोलावं, हा प्रश्न बहुतेक वेळा जनसंपर्क विभागाकडे सोपवला जातो, आणि तिथेच पहिली चूक होते. माझं म्हणणं असं की हा विषय आधी हिशोबाचा आहे आणि मग भाषेचा. ज्या दाव्यामागे बिल, मीटरचं रीडिंग, वजनकाट्याची पावती किंवा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवता येतो, तेवढाच दावा करावा. तो कितीही छोटा वाटला तरी चालेल.

‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा वरवरचा मुलामा, हा शब्द १९८६ साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्यानं वापरात आणला. हॉटेलं पाहुण्यांना ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ अशी विनंती करत होती, पण त्या पलीकडे पर्यावरणासाठी फारसं काही करत नव्हती, यावर त्याचा रोख होता. त्यातला मुद्दा आजही तसाच लागू पडतो. टॉवेल कमी धुतल्यानं पाणी वाचतं हे खोटं नव्हतंच. एक खरी पण लहान गोष्ट पुढे करून मोठी गोष्ट नजरेआड केली जात होती. बहुतेक दिशाभूल अशीच असते. तिच्यात सरळ खोटं वाक्य सापडत नाही.

सरळ खोटेपणाची उदाहरणंही आहेत. फोक्सवॅगननं अमेरिकेत ‘क्लीन डिझेल’ म्हणून गाड्या विकल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं उघड केलं की गाडीतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचं ओळखतं आणि तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी करतं. रस्त्यावर त्याच गाड्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत होत्या. जगभरात असं सॉफ्टवेअर असलेल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. ही फसवणूक हेतुपुरस्सर होती. पण प्रामाणिक कंपनीलाही त्यातून घेण्यासारखं आहे: ज्या परिस्थितीत मोजलं त्या परिस्थितीपुरताच दावा खरा असतो. प्रयोगशाळेतला आकडा वापरातला आकडा म्हणून सांगितला, की हेतू स्वच्छ असूनही दावा खोटा ठरतो.

म्हणून सुरुवात मोजमापाच्या सीमेपासून करावी लागते. हरितगृह वायूंच्या हिशोबासाठी जगभर ‘जीएचजी प्रोटोकॉल’ वापरला जातो. त्याचं कंपन्यांसाठीचं मानक २००१ साली आलं आणि २००४ मध्ये सुधारलं गेलं. त्यात उत्सर्जनाचे तीन भाग केले आहेत. स्कोप १ म्हणजे कंपनीच्या ताब्यातल्या बॉयलर, जनरेटर, वाहनं आणि वायुगळती यांतून थेट होणारं उत्सर्जन. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचं किंवा वाफेमागचं. स्कोप ३ मध्ये उरलेली सगळी मूल्यसाखळी येते: कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या वस्तूचा वापर, तिची शेवटची विल्हेवाट, अशा एकूण १५ वर्गवाऱ्या. पंप विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत पंप बनवताना लागलेली वीज किरकोळ असते. तो पंप पुढची दहा-पंधरा वर्षं जी वीज खातो, तिथे खरा भार असतो. अशा कंपनीनं ‘आमचा कारखाना सौरऊर्जेवर चालतो’ एवढंच सांगितलं, तर ते टॉवेलासारखंच झालं. तिनं पंपाची कार्यक्षमता किती सुधारली ते सांगायला हवं.

हिशोबात चुका कुठे होतात, हे ठरलेलं आहे. वर्षाच्या १२ बिलांपैकी ११च सापडतात आणि बारावा महिना कुणाच्या लक्षात येत नाही. बिलाचा कालावधी महिन्याच्या मधेच सुरू होतो आणि आर्थिक वर्ष संपताना दोन आठवड्यांची वीज दोनदा धरली जाते किंवा सुटते. वीज कंपनीनं रीडिंग न घेता सरासरीवर दिलेलं बिल खरं समजलं जातं. डिझेल खरेदी किती केलं ते नोंदवतात. टाकीत किती शिल्लक होतं ते वजा करत नाहीत. भाड्याच्या इमारतीतला जनरेटर घरमालकाचा म्हणून सोडून दिला जातो. किलोवॉट-तास आणि मेगावॉट-तास यांची अदलाबदल होते आणि आकडा एकदम हजार पटीनं इकडेतिकडे होतो. विजेचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो तो आकडा, चार वर्षांपूर्वीच्या तक्त्यातून उचललेला असतो. यांतली एकही चूक लबाडीची नसते. पण बाहेरच्या माणसाला चूक आणि लबाडी यांतला फरक ओळखण्याचं साधन नसतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. प्रत्येक आकड्यासमोर पाच गोष्टी नोंदवाव्यात: मूळ कागद कोणता, मीटर किंवा टाकी कोणती, कालावधी कुठून कुठपर्यंत, गुणांक कोणत्या तक्त्यातला आणि कोणत्या वर्षाचा, नोंद कुणी केली व तपासली कुणी. डिझेलसाठी लिटरला सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हा गुणांक धरला, तर १०,००० लिटरचे २६.८ टन होतात. हे गणित कागदावर इतकं उघड दिसलं पाहिजे की दुसऱ्या विभागातल्या माणसालाही पाच मिनिटांत पडताळता यावं. वायुगळतीसाठी देखभालीच्या कंत्राटातच अट घालावी की कोणत्या यंत्रात कोणता वायू किती किलो भरला आणि किती काढला, हे प्रत्येक बिलावर लिहिल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. एवढी एक ओळ घातली की पुढच्या वर्षी नोंदवही आपोआप भरते.

विजेच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. २०१५ पासून जीएचजी प्रोटोकॉल स्कोप २ साठी दोन आकडे मागतो. एक आकडा स्थानिक ग्रिडच्या सरासरीनुसार, दुसरा कंपनीनं केलेल्या खरेदी करारांनुसार आणि प्रमाणपत्रांनुसार. पवनऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली की दुसरा आकडा शून्यापर्यंत येऊ शकतो, पण पहिला तसाच राहतो. बऱ्याच जाहिराती फक्त दुसराच सांगतात. दोन्ही शेजारी शेजारी छापावेत. त्यात वाईट दिसण्यासारखं काही नाही, आणि प्रमाणपत्रं नेमकी काय करतात हे वाचणाऱ्याला त्यातूनच कळतं.

स्कोप ३ च्या बाबतीत बहुतेक कंपन्या खर्चावर आधारित अंदाजानं सुरुवात करतात. पोलादावर इतका खर्च झाला, गुणिले पोलादाच्या दर रुपयामागचा सरासरी उत्सर्जन गुणांक. मोठा भार कुठे आहे हे शोधायला ही पद्धत ठीक आहे. प्रगती दाखवायला मात्र ती पूर्ण निकामी आहे. पुरवठादारानं भाव वाढवला की तुमचं उत्सर्जन ‘वाढतं’. तुम्ही घासाघीस करून सूट मिळवली की ‘घटतं’. पोलाद तेवढंच, भट्टी तीच, धूरही तेवढाच. अशा आकड्यावर ‘पुरवठा साखळीतलं उत्सर्जन १२ टक्क्यांनी कमी’ असं लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे कळत नसतं. खर्चाचा तक्ता फक्त नकाशा म्हणून वापरावा. त्यातून सर्वांत जड आठ-दहा पुरवठादार निवडावेत आणि त्यांच्याकडे टन, किलोवॉट-तास, इंधन असे प्रत्यक्ष आकडे मागावेत. मागताना ४० पानी प्रश्नावली पाठवू नये. चार प्रश्न पुरतात: वर्षभरात एकूण माल किती, वीज किती, इंधन कोणतं व किती, आणि आमच्या वाट्याचा माल किती. लहान पुरवठादाराला उत्तर देता येईल असं विचारलं तर उत्तर मिळतं. नाहीतर तो कुठून तरी आकडे भरून पाठवतो आणि कचरा तुमच्या अहवालात शिरतो.

आकडे हाती आले की ते मांडण्यात गफलत होते. सर्वांत नेहमीची गफलत दर टनामागच्या आकड्याची. समजा दर टन उत्पादनामागचं उत्सर्जन २० टक्क्यांनी घटलं आणि त्याच काळात उत्पादन ४० टक्क्यांनी वाढलं. ०.८ गुणिले १.४ म्हणजे १.१२. एकूण उत्सर्जन १२ टक्क्यांनी वाढलं. कार्यक्षमता सुधारली हे खरं आहे आणि सांगण्यासारखंही आहे, पण वातावरणाला टक्केवारी कळत नाही. त्यात १२ टक्के जास्त वायू गेला. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात, एकाच आकाराच्या अक्षरांत असावेत. आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करायची ते वर्ष, निवडतानाही हात जपून ठेवावा. साथीत कारखाने बंद राहिलेलं वर्ष किंवा एखादी भट्टी विकून टाकण्यापूर्वीचं वर्ष आधार म्हणून घेतलं की पुढचे आकडे काहीही सांगू लागतात. धंद्याचा भाग विकला किंवा विकत घेतला तर आधारवर्षाचाच आकडा पुन्हा मोजायचा असतो. भट्टी विकली म्हणून तिचा धूर थांबलेला नसतो, मालक बदललेला असतो.

उद्दिष्टांबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि कंपन्यांची उद्दिष्टं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हनं घातलेला एक मापदंड उपयोगी पडतो: जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याच्या मर्यादेशी जुळायचं तर एकूण उत्सर्जनात दरवर्षी आधारवर्षाच्या किमान ४.२ टक्के कपात, म्हणजे दहा वर्षांत ४२ टक्के. आणि ‘नेट-झिरो’ म्हणायचं तर आधी साधारण ९० टक्के प्रत्यक्ष कपात, मग उरलेल्यापुरतंच वातावरणातून शोषून घेण्याचं पाहायचं. जी कंपनी २०५० चं वचन देते आणि पुढच्या तीन वर्षांत कोणतं यंत्र बदलणार हे सांगत नाही, तिच्या वचनाला मी काडीचीही किंमत देत नाही. आज सही करणारे त्या वर्षी खुर्चीवर नसतील.

कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे दुसरीकडच्या प्रकल्पानं टाळलेल्या किंवा शोषलेल्या कार्बनबद्दल विकत घेतल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांच्या बाबतीत जास्त स्पष्ट बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त शब्द इथेच वाया जातात. क्रेडिट खरं ठरायला चार गोष्टी लागतात. तो प्रकल्प त्या पैशांशिवाय झालाच नसता, हे दाखवता आलं पाहिजे. शोषलेला कार्बन टिकला पाहिजे. जंगलाला वणवा लागला तर हिशोब उलटा फिरतो. एका ठिकाणची तोड थांबवल्यामुळे ती शेजारच्या डोंगरावर सरकलेली नसावी. आणि तीच कपात दोघांनी आपापल्या खात्यात धरलेली नसावी. या चारही कसोट्या लावल्यानंतरही एक मूळ अडचण उरते: कोळसा जाळून सोडलेला कार्बन शतकानुशतकं हवेत राहतो आणि झाडात साठलेला कार्बन झाड उभं असेपर्यंतच.

मार्च २०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयानं केएलएम या विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. वृक्षलागवड आणि पर्यायी इंधन यांमुळे होणारी घट किरकोळ असताना चित्र फार गुलाबी रंगवलं गेलं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. युरोपियन युनियनचा २०२४ चा निर्देश तर आणखी पुढे जातो. २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे ऑफसेटच्या, म्हणजे अशा क्रेडिटनं केलेल्या भरपाईच्या आधारावर एखादं उत्पादन ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणता येणार नाही. मला ही बंदी योग्य वाटते. क्रेडिट जरूर घ्यावीत, चांगल्या प्रकल्पाला पैसा लागतोच. पण ती उत्सर्जनातून वजा करू नयेत. ‘आम्ही इतके टन सोडले. याशिवाय अमुक प्रकल्पाला इतका निधी दिला.’ दोन वाक्यं, दोन वेगळे हिशोब.

पाण्याचं तर याहून कठीण आहे. कार्बन कुठेही सोडला तरी एकाच वातावरणात मिसळतो; पाणी तसं नसतं. एका नदीच्या खोऱ्यातून उपसा करून दुसऱ्या खोऱ्यात बंधारा बांधला तर पहिल्या गावच्या विहिरीला एक थेंबही मिळत नाही. ‘वॉटर पॉझिटिव्ह’, म्हणजे वापरतो त्याहून जास्त पाणी परत करतो, असं म्हणणाऱ्यानं खोऱ्यागणिक तक्ता द्यावा: उपसा किती, परत किती, कोणत्या महिन्यांत. पावसाळ्यात जिरवलेलं पाणी उन्हाळ्यातल्या उपशाची भरपाई करतं की नाही, हे जमिनीखालचा खडक ठरवतो.

आता वेष्टनावरच्या शब्दांकडे येऊ. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’, ‘निसर्गाला पूरक’ हे शब्द मोजता येत नाहीत, म्हणून सिद्धही करता येत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९२ पासून ‘ग्रीन गाइड्स’मध्ये हेच सांगितलं आहे, ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं २०२१ मध्ये, आणि भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत. सगळ्यांची भाषा वेगळी असली तरी मागणी एकच: मोघम शब्द नको, नेमका गुण सांगा आणि पुरावा हाताशी ठेवा.

‘रिसायकल करता येणारं’ हा शब्द घ्या. बरीच प्लास्टिकं प्रयोगशाळेत पुन्हा वितळवता येतात. प्रश्न असा असतो की ज्यानं ते विकत घेतलं, त्याच्या परिसरात ते गोळा होतं का आणि पुढे ते घेणारा कारखाना आहे का. ग्रीन गाइड्सनुसार जिथे माल विकला जातो तिथल्या किमान ६० टक्के ग्राहकांना ती सोय असेल, तरच कोणतीही पुस्ती न जोडता हा शब्द वापरता येतो. शिवाय वस्तूच्या सगळ्या भागांचा विचार करावा लागतो. बाटली पीईटी या प्लास्टिकची आणि रिसायकल होणारी असली तरी तिला पूर्ण गुंडाळणारं पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचं आवरण असेल, तर वर्गीकरण यंत्र बाटलीऐवजी आवरण ‘पाहतं’ आणि बाटली चुकीच्या ढिगात जाते. चुकून पीईटीच्या ढिगात गेलीच, तर थोडंसं पीव्हीसीही अख्खी खेप पिवळी पाडतं. इथे जाहिरातीतला शब्द बदलून भागत नाही, आवरण बदलावं लागतं.

‘कंपोस्ट होणारं’ हाही असाच फसवा शब्द आहे. युरोपच्या ईएन १३४३२ मानकाप्रमाणे तपासलेली पिशवी १२ आठवड्यांत ९० टक्के तुकडे होऊन २ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते आणि ६ महिन्यांत ९० टक्के जैवविघटित होते. पण ही चाचणी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीत, ५८ अंश सेल्सियसच्या आसपास होते. परसातल्या खड्ड्यात एवढी उष्णता नसते, कचरा डेपोत हवा नसते, समुद्रात दोन्ही नसतं. म्हणून शब्द असा हवा: ‘फक्त औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात विघटन होतं, घरच्या खड्ड्यात टाकू नका.’ विक्री विभागाला हे वाक्य आवडत नाही. पण ते खरं आहे, आणि पिशवी योग्य ठिकाणी जावी अशी खरोखर इच्छा असेल तर तेच लिहावं लागेल.

‘पुनर्चक्रित माल’ म्हणताना कुठला माल धरला हे पाहावं. मोल्डिंगच्या यंत्राजवळ पडलेले तुकडे दळून त्याच यंत्रात परत टाकणं हे प्रत्येक शहाणा कारखानदार पूर्वीपासून करतो. पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असा माल पुनर्चक्रित म्हणून मोजता येत नाही. ग्राहकानं वापरून टाकलेलं आणि दुसऱ्या कारखान्याच्या प्रक्रियेतून निघालेलं, हे दोन्ही मोजता येतं. पण ते वेगवेगळं सांगावं. ‘पर्यावरणस्नेही बाटली’ ऐवजी वाक्य कसं दिसेल? ‘या बाटलीतलं ५० टक्के पीईटी ग्राहकांनी वापरलेल्या बाटल्यांपासून बनलेलं आहे. झाकण आणि लेबल यात धरलेलं नाही.’ दोन छोटी वाक्यं आहेत, पण प्रत्येक शब्दामागे खरेदीचा कागद आहे. अट त्याच बाजूवर, दाव्याच्या लगेच खाली हवी. तळटीप, तारांकित चिन्ह किंवा क्यूआर कोड पुरावा पाहायला ठीक आहे. दाव्याचा अर्थच बदलणारी गोष्ट तिथे दडवू नये. पानांची, थेंबांची, पृथ्वीची चित्रंही दावाच करतात. आणि स्वतःच्या कलाकारानं काढलेली गोल हिरवी मुद्रा प्रमाणपत्रासारखी दिसत असेल, तर ती काढून टाकावी.

असे दावे टिकतात कसे, यापेक्षा ते कुजतात कसे हे कंपनीनं आधी समजून घ्यावं. दावा केला तेव्हा खरा असतो. मग खरेदी विभाग पुरवठादार बदलतो, प्लास्टिकच्या नव्या दाण्यात पुनर्चक्रित भाग ३० टक्केच असतो, आणि वर्षभराचं छापलेलं वेष्टन गोदामात पडून असतं. कुणीच खोटं बोललेलं नाही, तरी ग्राहकाच्या हातातली बाटली खोटं बोलते. यासाठी दाव्यांची नोंदवही ठेवावी. दर दाव्याचे नेमके शब्द, तो कोणत्या मालावर व कोणत्या ठिकाणी छापला, पुरावा कुठे ठेवला, जबाबदार व्यक्ती कोण आणि मुदत केव्हा संपते. मुदत १२ महिन्यांहून जास्त नसावी. आणि खरेदीच्या नमुन्यातच एक रकाना असावा: ‘या बदलामुळे कोणता दावा मोडतो?’ तो भरल्याशिवाय नवा पुरवठादार मंजूर होऊ नये. जाहिरातीच्या मजकुरावर शेवटची सही तांत्रिक माणसाची असावी, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा. हा अधिकार नसेल तर बाकी सगळी व्यवस्था कागदावरच राहते.

बोलणं सुधारलं म्हणून काम पुढे जात नाही. पण हिशोब नीट ठेवला की कामाच्या जागा दिसू लागतात. दाबाखालच्या हवेचं उदाहरण घ्या. देखभाल ढिली असेल तर कॉम्प्रेसरनं बनवलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीतच जाते. मोजायला खास उपकरणही लागत नाही. सुटीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करावा आणि घड्याळ घेऊन बसावं. तो २ मिनिटं भार घेऊन चालतो आणि ६ मिनिटं मोकळा राहतो, असं चक्र दिसलं, तर २ भागिले ८, म्हणजे २५ टक्के गळती. मग साबणाचं पाणी घेऊन सांधे, नळ्या आणि झडपा तपासायच्या, गळणाऱ्या जागी चिठ्ठी बांधायची, दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोजायचं. गरजेपेक्षा जास्त ठेवलेला दाब एक बारनं उतरवला तरी वीज सुमारे ७ टक्के वाचते. पंख्याची हवा झडप लावून अडवण्याऐवजी त्याचा वेग ड्राइव्हनं, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणानं, २० टक्के कमी केला, तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. अहवालात अशा कामाला अर्धं पान द्यावं: आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, तारीख, खर्च. कुठल्याही रोपट्याच्या छायाचित्रापेक्षा ते जास्त पटतं.

पैशाच्या निर्णयात हा हिशोब शिरला नाही तर तो शोभेचा राहतो. नवं यंत्र मंजूर करताना त्याच्या आयुष्यभराची वीज आणि उत्सर्जन किमतीशेजारी मांडायचं. उत्सर्जनाच्या दर टनाला कंपनीनं स्वतःची एक अंतर्गत किंमत ठरवायची आणि ती परतफेडीच्या गणितात खरोखर धरायची. खरेदी अधिकाऱ्याचा बोनस फक्त स्वस्तात घेण्यावर असेल, तर शाश्वत खरेदीचं धोरण भिंतीवरच राहणार.

बाहेरच्या तपासणीबद्दल एक गोष्ट वाचकांनी आणि कंपन्यांनी दोघांनीही लक्षात ठेवावी. ‘स्वतंत्रपणे तपासलेलं’ म्हणजे नेमकं किती? मर्यादित आश्वासनात तपासनीस एवढंच म्हणतो की ‘आकडे चुकीचे आहेत असं वाटण्याजोगं काही आमच्या नजरेस आलं नाही’. वाजवी आश्वासनात तो खोलात जाऊन ‘आकडे बरोबर आहेत’ असं मत देतो. दोन्हींच्या कामात आणि खर्चात बराच फरक असतो. बहुतेक अहवालांत पहिलंच असतं, तेही निवडक आकड्यांपुरतं. कोणते आकडे तपासले आणि कोणते नाहीत, हे त्या आकड्यांच्या शेजारी खूण करून दाखवावं.

एवढी बंधनं घातली तर कंपन्या बोलणंच सोडतील, असा आक्षेप येतो. काही ठिकाणी तसं होतंही आहे. उद्दिष्टं आहेत, काम चालू आहे, पण खटल्याच्या भीतीनं तोंड बंद. मला हे नुकसान मोठं वाटतं, कारण एका कारखान्यानं गळती कशी शोधली हे दुसऱ्याला कळत नाही आणि पुरवठादाराला आपल्याकडून काय अपेक्षा आहे हेही कळत नाही. पण भीतीचं कारण बंधनं नाहीत. मोठ्या शब्दांची सवय आहे. ‘या वर्षी बॉयलरचं इंधन ९ टक्के कमी लागलं, मीटरचे आकडे सोबत’ असं म्हणणाऱ्यावर कुणी खटला भरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: शेजारचा प्रतिस्पर्धी पोकळ शब्द वापरून माल खपवतो आणि नेमकं बोलणारा फिका पडतो. किरकोळ विक्रीत असं होतं, हे मान्य करावंच लागेल. म्हणूनच या क्षेत्रातल्या प्रामाणिक कंपन्यांनी कडक नियमांची मागणी स्वतःहून केली पाहिजे. प्रत्यक्षात उलट दिसतं. कंपनी हवामानाबद्दल पानभर जाहिरात देते आणि ती जिची वर्गणी भरते ती उद्योग संघटना उत्सर्जनाचे नियम लांबवण्यासाठी निवेदनं देत असते. कोणत्या संघटनांचं सभासदत्व आहे, त्यांची भूमिका काय, आपली भूमिका कुठे वेगळी आहे आणि त्याबद्दल आपण काय केलं, हे अहवालात लिहिणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत. मी कोणताही अहवाल हाती घेतला की आधी हेच पान शोधतो.

त्यानंतर चुकलेल्या उद्दिष्टांचं पान. गेल्या वर्षी काय म्हटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का चुकलं, पुढे काय. ‘प्रगती सुरू आहे’ हे उत्तर नाही. ‘२०२४ पर्यंत १५ टक्के घट ठरवली होती, ६ टक्के झाली, नव्या बॉयलरची मंजुरी आठ महिने रखडली, तो आता बसवला आहे’ हे उत्तर आहे. आणि हिशोबातच चूक सापडली, समजा सहा वर्षांची वायुगळती धरायची राहून गेली होती, तर नवा आकडा गुपचूप बसवून आलेख सरळ करू नये. जुना आकडा, नवा आकडा, फरकाचं कारण आणि दुरुस्तीची तारीख एकाच तक्त्यात छापावी, आणि जिथे जुना आकडा वापरला होता त्या प्रत्येक ठिकाणी, संकेतस्थळावर, निविदेत, बँकेला दिलेल्या कागदात, ती दुरुस्ती पोहोचवावी.